आज खोगीर नको

तर काल आपण डोळे मिटण्यापर्यंत आलो होतो, आणि ते मिटलेच नाहीत तिथं थांबलो होतो.

ठाण्याचं अंगण. ठाणं ग्वाल्हेरात मुरारच्या बाजूचं आहे, नाव घेत नाही. तिथं अजून माणसं नोकरीला आहेत. कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांवर एकोणीस पोलीस, गुडघ्यांवर हात ठेवून, बघणाऱ्याला वाटावं ओळखपरेडच चालली आहे. समोर अंतरा मॅडम. हरिशंकरपुरमच्या गर्द्यांची मुलगी, मनाच्या आजारांचं शिकून आलेली. तिच्या हातात देव्हाऱ्यातल्याएवढी पितळेची घंटी. ती म्हणाली, "आँखें बंद कीजिए और बस अपनी साँस को देखिए." घंटी वाजली. अडतीसच्या अडतीस डोळे टक्क उघडे!

तिनं पुन्हा वाजवली. कोणी एक डोळा मिटून दुसऱ्यानं शेजाऱ्याकडे बघितलं, कोणी हसू दाबायला खोकला काढला. शेवटी कडेच्या खुर्चीवरून एक जाडजूड, पिकल्या मिशांचा माणूस अदबीनं मराठीत म्हणाला, "मॅडम, रागावू नका. पोलीस डोळे मिटून सापडला की निलंबित होतो. ह्यांना वीस-वीस वर्षं हेच शिकवलंय. आज एका घंटीनं कसं विसरतील?"

हा आपला कान्होजी. कान्होजी इंगळे, प्रधान आरक्षक, म्हणजे जुन्या भाषेत हवालदार.

वऱ्हांड्यातून टीआय विक्रमसिंह ओरडले, "अरे, फोटो खिंचने तक तो बंद कर लो! ऊपर भेजना है." टीआय म्हणजे ठाण्याचे मुख्य साहेब. झालं! सगळ्यांनी असे घट्ट डोळे मिटले, जणू एकदम एकोणीस जणांच्या डोळ्यांत मिरची गेली. फोटो निघाला, वर गेला, वरून अंगठा आला. डोळे उघडले. मॅडमनं शेवटची घंटी वाजवली, खुर्च्या सरकल्या, चहा आला.

एकच माणूस उठला नाही. मागच्या रांगेत बळवंत शेडगे तसाच बसून होता. मान छातीवर, तोंड थोडं उघडं. बसल्या जागी गाढ झोपला होता. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. "मॅडम, इसका ध्यान तो समाधि हो गया!" कोणीतरी त्याच्या कानाशी शिट्टी फुंकली, तर तो ताडकन उभा राहिला आणि हात आधी खांद्याकडे गेला, रायफल शोधायला. पुन्हा हशा. कान्होजी मात्र हसला नाही. त्यानं बघितलं, की झोपेतून उठलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर झोप झाल्याची एक रेघ नव्हती.

आता हा कान्होजी कोण, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून जी मराठे मंडळी ग्वाल्हेरला आली, त्यातलेच हे इंगळे. तलवार गेली, घोडे गेले, राहिली मिशी आणि नोकरी. पण घरात एक गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगतात. कान्होजीचा पणजोबा स्वार नव्हता, पागेचा कारकून होता. रिसाल्यातल्या प्रत्येक घोड्याचं एक पान असायचं आणि ते पान पणजोबा लिहायचा. कुठला घोडा लंगडला, कुणाचं पोट फुगलं, कुणाच्या पाठीला खोगिरानं जखम झाली. जखम दिसली की पानावर तो पाच शब्द लिहायचा: पाठ लागली, आज खोगीर नको. हे एकदा लिहिलं, की खुद्द सरदार आला तरी त्या घोड्यावर बसायची छाती नव्हती. एक जहागीरदार म्हणे ऐटीत आला, "माझाच घोडा, मीच बसणार." पणजोबानं वही पुढं केली. जहागीरदार पायी गेला! कान्होजी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आला आणि तिच्यातून तो एकच शिकला, की लिहिलं म्हणजे वाचवलं.

नोकरीही देवानं तशीच दिली. ठाण्यात रोजनामचा असतो. कोण शिपाई किती वाजता, कुठं, कशासाठी बाहेर पडला ती रवानगी. किती वाजता परत आला ती वापसी. बरोबर हत्यार कुठलं, गोळ्या किती, सगळं. हा रोजनामचा लिहिणाऱ्याला इकडे दीवानजी म्हणतात. एकोणतीस वर्षांत वीस वर्षं कान्होजी दीवानजी. अक्षर असं, की वकील मंडळी नकला मागायला यायची ती अर्धी अक्षर बघायला. मग संगणक आला, अक्षराचा मान गेला, कान्होजी एका बोटानं टंकायला लागला. बोट एकच, पण निष्ठा दहा बोटांची. "लिहिलं नाही ते घडलं नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. वेळा त्यानं कधी मागेपुढे केल्या नाहीत असं नाही. साहेब लोकांच्या नोकरीत ते चालतं. पण माणसाबद्दल खोटं कधी लिहिलं नाही.

गेल्या साली प्रदेशात कुठल्याशा ठाण्यात एका शिपायाचं वाईट झालं, पेपरात आलं, आणि वरून हुकूम सुटला: पोलिसांच्या मनाची काळजी घ्या. म्हणून ती घंटी, म्हणून त्या खुर्च्या. शिवाय दर ठाण्यात एक 'मन-साथी' नेमायचा. ज्याला जड होईल त्यानं त्याच्याकडे जाऊन बोलावं. विक्रमसिंहांनी क्षणात निवड केली. "इंगले, तू वैसे भी कुर्सी से उठता नहीं. तू ही बन जा मन-साथी."

दोन दिवसांचं शिक्षण झालं. अंतरा मॅडमनं शिकवलं, की ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही, आणि ऐकलेलं कोणाला सांगायचं नाही. कान्होजीनं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, आलेल्या माणसाचं नाव कुठं लिहायचं?"

"लिहायचंच नाही, काका."

"मग कळणार कसं, की तो आला होता?"

"कळू नये म्हणूनच तर, काका."

कान्होजी हसला. पोरगी चांगली आहे, पण सरकार तिला अजून ठाऊक नाही, असं त्याला वाटलं. छातीवर पिवळा बिल्ला लावून तो परत आला. दोन महिने कोणी फिरकलं नाही. फिरकले ते थट्टेला. "दीवानजी, मन बहुत उदास है, समोसा खिला दो."

आणि मग चैत्रात बळवंत आला.

सगळ्या ठाण्यात मराठी ही दोनच घरं. साहेबाबद्दल काही बोलायचं असलं की दोघं मराठीत बोलत, बाकीचे म्हणत, "लो, चालू हो गई इनकी मरहठी." बळवंत कान्होजीला काका म्हणायचा. पस्तिशीचा गडी, अंगानं काटक, कुठल्या कामाला नाही न म्हणणारा. आणि नाही न म्हणणाऱ्याचं पोलिसात काय होतं, तर सगळ्यांनी टाळलेलं काम त्याच्या गळ्यात येतं. हद्दीत कुठं प्रेत सापडलं, रुळावर, नाल्यात, बायपासवर, की ते उचलून शवविच्छेदनाला पोचवायचं आणि तिथं थांबायचं. अकरा महिने हे काम एकट्या बळवंताकडे. "शेडगे को भेज दो, उसे आदत है."

दुपारची वेळ होती, ऊन रणरणत होतं, कूलरचा पंखा गरगरत होता पण पाणी संपलं होतं. दोघं रोजनामच्याच्या खोलीत पोहे खात बसले होते. कान्होजीनं बघितलं, बळवंत पोहे चमच्यानं खातोय. घरून पोळी-भाजी आली तरी पोळीचा तुकडा चमच्यानं उचलतोय.

"काय रे, साहेब झालास का?"

बळवंतानं चमचा बशीत फिरवला. मग म्हणाला, "काका, हात तोंडाशी नेववत नाही. साबण लावतो, राख लावतो, लिंबू लावतो. घरी विनिता म्हणते, काही वास नाही. मला येतो."

कान्होजीनं आपली बशी बाजूला सारली. मॅडमनं शिकवलं होतं, मध्ये बोलायचं नाही.

"मागच्या महिन्यात ती बायपासवरची मुलगी. तिच्या पायात एकच सँडल होती. दुसरी मी तासभर शोधली, काका. कशाला शोधली, माहीत नाही. तेव्हापासून झोप नाही. सकाळी बूट घालताना वाटतं, पाय आत जाऊच नये. रायफल घेतली की हात कापतो. काहीच नकोसं झालंय. फक्त आठ दिवस कोणी मला पाठवू नका. आठ दिवस मी घरी पडून राहीन, मग येतो." मग चमचा खाली ठेवून, "कोणाला सांगू नका. तुमच्या-माझ्यात."

"आईची शपथ," कान्होजी म्हणाला, आणि तेव्हा त्याला ते मनापासून म्हणायचं होतं.

तो त्याच दिवशी विक्रमसिंहांकडे गेला. नाव घेतलं, पण कारण सांगितलं नाही. "साहब, शेडगे को आठ दिन की छुट्टी दे दीजिए. और प्रेतवाली ड्यूटी किसी और को."

"क्यों? मर गया कोई उसके घर?"

"थका हुआ है, साहब."

"यहाँ कौन ताज़ा है, इंगले? मेला, चुनाव, वीआईपी, सब सिर पर. कुछ लिखा-पढ़ी में है तो बता. बिना लिखे किस आधार पर छुट्टी दूँ?"

बिना लिखे! कान्होजीच्या डोक्यात पागेची वही उघडली. पाठ लागली, आज खोगीर नको. एकदा लिहिलं की साहेबाचीही छाती होणार नाही. इथं नीट लक्ष द्या, कारण ह्या माणसानं दगा दिला नाही. त्याला जी एकच विद्या येत होती, ती त्यानं सगळ्यात जिवाच्या माणसासाठी वापरली. दाराला कडी लावून तो संगणकासमोर बसला. बळवंत मराठीत बोलला होता. रोजनामचा सरकारी हिंदीत. चाळीस मिनिटं एका बोटानं त्यानं ते उतरवलं: "आरक्षक बलवंत शेडगे द्वारा बताया गया कि ड्यूटी में मन नहीं लगता, हथियार उठाते समय हाथ काँपते हैं तथा जीवन के प्रति अरुचि है. आरक्षक को आठ दिवस विश्राम दिया जाना उचित होगा." विश्राम हा शब्द त्यानं दोनदा वाचला. छान दिसत होता. मग त्यानं कळ दाबली. तसा कागदाचा रोजनामचाही खोडता येत नसे, पण निदान तो ठाण्यातच राहायचा. संगणकावरचा त्याच क्षणी वरच्या कचेरीत उघडतो.

दोन तासांत फोन आला. वर काय वाचलं? 'हथियार', 'काँपते' आणि 'जीवन के प्रति अरुचि'. शेवटचं वाक्य कोणी वाचलंच नाही. असा माणूस रायफल घेऊन हिंडतोय? उद्या काही झालं तर जबाबदार कोण? लेखी खुलासा द्या. हत्यार ताबडतोब जमा करा. लाइन हाजिर करा. डॉक्टरांच्या समितीपुढं उभा करा.

लाइन हाजिर म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस लाइनीत नेऊन बसवणं. शिक्षाच ती; नुसतं नाव निराळं. आणि रवानगी? ती दीवानजीनंच लिहायची. बळवंत समोर उभा होता. रायफल टेबलावर, पट्टा टेबलावर, वीस गोळ्या मोजून टेबलावर. बाहेर जीप चालू. खिडकीत चारजण माना घालून बघत होते. कान्होजी एका बोटानं रवानगी टंकत होता आणि मान वर करत नव्हता. "बळवंता," तो मराठीत पुटपुटला, "मी आठ दिवसांची विश्रांती लिहिली रे. विश्रांतीच लिहिली."

बळवंतानं ऐकून घेतलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तो कान्होजीशी हिंदीत बोलला.

"लिख लिया, दीवानजी? मैं जाऊँ?"

त्यानंतर ठाण्यात काय झालं असेल, ते सांगायला नको. दीवानजी दिसला की लोक गप्प. शिंक आली तरी, "अरे दबा ले, दीवानजी लिख लेंगे." पिवळा बिल्ला कान्होजीनं खिशात टाकला, तर टीआय साहेबांनी पुन्हा लावायला लावला, तपासणी होती म्हणून. घंटीचा वर्ग मात्र दर महिन्याला नेमानं. आता डोळे सगळे पहिल्याच घंटीला मिटायचे. एकही जण झोपायचा नाही, एकाच्याही तोंडून शब्द निघायचा नाही. वर्गाचा अहवाल उत्तम.

अंतरा मॅडमला कळलं तेव्हा ती अंगणात उभी राहून रडकुंडीला आली. "काका, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुम्ही सांगितलं होतं, मॅडम. माझं चुकलं. आता बळवंताला ह्यातून काढायचं कसं, ते सांगा."

तिनं वर पत्र लिहिलं. पत्राला आवक क्रमांक पडला. आणखी एक लिहिलं, त्यालाही पडला.

दर रविवारी कान्होजी डबा घेऊन लाइनीत जाऊ लागला. विजयाबाई, म्हणजे त्याची बायको, कधी पुरणपोळी द्यायच्या, कधी भाकरी आणि ठेचा. लाइनीत बळवंताला काम काय, तर झाडांना पाणी घालणं आणि सभागृहातल्या खुर्च्या मोजणं. एकशे चाळीस खुर्च्या. सकाळी एकशे चाळीस, संध्याकाळी एकशे चाळीस. समितीची तारीख एकदा डॉक्टर रजेवर म्हणून गेली, एकदा बंदोबस्त लागला म्हणून गेली, एकदा कागद सापडले नाहीत. बळवंत डबा दोन्ही हातांनी घ्यायचा आणि म्हणायचा, "शुक्रिया, दीवानजी." पुढच्या रविवारी रिकामा डबा घासून-पुसून परत.

एकदा फाटकाशी बळवंताची बायको विनिता भेटली. भांडायला आली असती तर कान्होजीला बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "घरी ते थकलेले होते हो, काका. थकलेला माणूस कळतो की बायकोला. आता सगळ्यांनी मिळून आजारी करून टाकलं. गल्लीत कोणी त्यांच्याजवळ चाकू-सुरी ठेवत नाही. भाजीवालासुद्धा कलिंगड स्वतः कापून देतो."

मग दसरा आला. पोलीस लाइनीत दसऱ्याला शस्त्रपूजा असते. रायफली ओळीनं मांडतात, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. मराठ्याच्या घरात ह्या दिवसाचं काय मोल, ते निराळं सांगायला नको. बळवंताच्या घरी पणज्याची तलवार अजून भिंतीवर आहे. सगळ्या ठाण्यांची माणसं जमली होती. कान्होजी रांगेत उभा होता आणि त्याची नजर बळवंताला शोधत होती. तो दिसला. पूजेभोवती दोरी बांधली होती, त्या दोरीच्या बाहेर. त्याला सांगितलं होतं, हत्यारांपासून दूर राहा, प्रसाद वाट. हातात बुंदीची परात घेऊन तो उभा होता आणि दोरीच्या आतल्या रायफलींकडे बघत होता, दुकानाच्या काचेआडचं बघावं तसा.

पूजा झाल्यावर सोनं वाटायची वेळ आली. बळवंतानं शमीची दोन पानं कान्होजीच्या हातावर ठेवली, वाकून पायाला हात लावला. रीत मोडली नाही. "दशहरे की शुभकामनाएँ, दीवानजी."

कान्होजी घरी येऊन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ठाण्यात जाऊन पुन्हा कडी लावली. रोजनामच्यातली ओळ खोडता येत नाही, पण तिच्याबद्दल नवी ओळ, म्हणजे नवी रपट, लिहिता येते. त्यानं लिहिली: पूर्वीची रपट माझी चूक होती. आरक्षक शेडगे असं काहीही बोलला नव्हता, मी त्याच्या थट्टेचा चुकीचा अर्थ लावला, तो पूर्ण निरोगी आहे, दोष माझा. माणसाबद्दल त्यानं लिहिलेली ही पहिली खोटी ओळ. टंकायला चार मिनिटं लागली.

विक्रमसिंहांनी बोलावून घेतलं. साहेब वाईट नव्हते बरं का. थकलेले होते, त्यांनाही वर कोणी होतं. पाण्याचा ग्लास पुढं सरकवून म्हणाले, "इंगले, अब सुन. या तो तूने तब झूठ लिखा, या अब तेरा दिमाग ठिकाने नहीं. झूठ लिखा तो विभागीय जाँच, निलंबन, डेढ़ साल बाद की पेंशन गई भाड़ में. दिमाग वाला मान लेते हैं? तू बीमार, तेरी रपट बेमतलब, दो महीने घर बैठ. मैडम को बुला लिया है. वो तुझसे पूछेंगी, बस सच बोल देना. वैसे भी दिखता है, तू सोता नहीं है."

"और शेडगे?"

"तेरी दूसरी रपट बीमार आदमी की, तो पहली वाली कायम. वो अपनी समिति का देख लेगा."

"और मैं ठीक निकला तो?"

"तो दूसरी रपट समिति के सामने जाएगी. शेडगे के काम आ सकती है. न भी आए, मैं वचन नहीं देता. पर तू तो गया."

घरी आल्यावर त्यानं विजयाबाईंना सगळं सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबवून म्हणाल्या, "अहो, पण तुमची तब्येत खरंच ठीक नाही. सहा महिने झाले, झोपेत 'रवानगी, रवानगी' बडबडता. काल चपला घालायला बसलात आणि अर्धा तास तसेच बसून राहिलात. मी बघत होते. खरं तेच सांगायचंय ना? मग सांगून टाका की. एवढी वर्षं खरं लिहिलंत."

"तेच ना, विजया. खरं सांगितलं की बळवंत गेला."

"आणि खोटं सांगितलं की तुम्ही." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. ती करपली तरी दोघांच्या लक्षात आलं नाही.

अंतरा मॅडम गुरुवारी चार वाजता आली. तोच कडुनिंब, त्याच खुर्च्या, ह्या वेळी दोनच. थंडी पडायला लागली होती. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. वऱ्हांड्यात टीआय साहेब पेपर उघडून बसले होते आणि पान उलटत नव्हते. मॅडमनं फॉर्म मांडीवर पालथा ठेवला, पेनाला टोपण लावलं. कान्होजीकडे नीट बघितलं. मिशा खाली आलेल्या, शर्टाची कॉलर गळ्याला सैल झालेली, आणि गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांपैकी उजव्या हाताचं ते एकच टंकणारं बोट आपोआप हलत होतं, खाली, वर, खाली, वर.

"काका," ती मराठीत, अगदी हळू म्हणाली, "बळवंतरावांचं नंतर बघू. मी प्रयत्न सोडलेला नाही. आत्ता फक्त तुमचं. झोप लागते का? खरं सांगा. तुम्ही हो म्हणालात, की त्रास होतोय, तर मी तुम्हाला आजच घरी पाठवते. औषध आहे, उपाय आहे, हे बरं होतं, काका. तुमच्यावर कोणी कारवाई करणार नाही. आणि तुम्ही नाही म्हणालात, तर तुम्ही मला खोटं सांगताय हे मला कळेल, पण मला तुमचंच उत्तर लिहावं लागेल. पेन बंद आहे. आत्ता मी काहीच लिहीत नाही. कसे आहात तुम्ही?"

वर्षभरात त्याला हे विचारणारं पहिलं माणूस. त्यानं बोट दुसऱ्या हातानं दाबून धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, खुर्चीत ताठ झाला आणि वऱ्हांड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला:

"नाही मॅडम, पेन उघडा, लिहाच. समय सोलह बजकर दस मिनट. प्रधान आरक्षक कान्होजी इंगले से हाल पूछा गया. नींद आती है, भूख लगती है, कोई तकलीफ़ नहीं. पूरे होश में है, जो लिखा पूरे होश में लिखा. थाने पर हाज़िर है."